हंसपद

रविवारी सातला मुनाफभाई फाटक उघडतात,
आधी किल्लीनं, मग लाथेनं.
आत कमरेएवढं गवत. गिरणीच्या जुन्या भिंतीपलीकडे
टॉवरचा सत्ताविसावा मजला चढतो आहे.
अलीकडे एकशे बारा दगड.
त्यातले एकोणीस आमचे झाले,
आमचे म्हणजे धुतलेले.

एस्तेरबाई झिराडकर नव्या माणसाला पहिल्यापासून सांगतात :
तारेचा ब्रश नाही. ॲसिड नाही. साबणसुद्धा नाही.
पाणी, बांबूची काडी, आणि घाई घरी ठेवून यायची.
"माझ्या आजोबांना कुणी तारेनं घासलेलं मला चालेल का?"
हे म्हणताना त्या गुडघ्याला पट्टा बांधत असतात.

मी इथल्या कुणाचा कोणी नाही.
चौतीस वर्षं गिरगावात मुद्रितं तपासली.
छापखाना गेला, चष्म्याचा नंबर राहिला.
कुणीतरी म्हणालं, तिकडे वाचणारा हवाय,
मराठी आहे, पण जुनी, झिजलेली.
म्हटलं, जमेल आमचं.

सुहृद स्टीलचं ताट धरून उभा राहतो,
ऊन पकडतो आणि दगडावर आडवं सोडतो.
समोरच्या उजेडात जो दगड कोरा,
तो आडव्या उजेडात बोलायला लागतो :
वरची ओळ हिब्रू, उजवीकडून निघालेली,
खालची मराठी, डावीकडून.
वाचताना मान दोन्हीकडे वळवावी लागते.

मी चुका टिपतो. सवय.
'पत्नि' ऱ्हस्व. 'स्मर्णार्थ'.
एका रोहेकरांना तर 'देवाज्ञ झाली',
काना राहिला, की पैसे संपले, कोण जाणे.
मी विचारलं होतं, रंग भरताना एवढा काना घालू?
एस्तेरबाईंनी ब्रश बादलीत ठेवला.
"इतकी वर्षं देवानं तसंच वाचलंय.
तुम्हालाच कसली अडचण?"

विसावा दगड चिंचेखाली पालथा होता.
सहा जण, एक पहार, काथ्याचा दोर,
आणि फ्रीडा डिमेलो ओरडत होती, हळू, हळू.
पालथा म्हणून वाचलेला. माती झटकली
तर अक्षरं काल कोरल्यासारखी.
जेमतेम दीड हात उंची.

हन्ना, वय महिने सात,
अब्राहम मोझेस वाक्रूळकर यांची कन्या,
हीस देवाज्ञा झाली.

आणि 'वाक्रूळकर'च्या पायाशी, ओळीखाली,
एक खूण. झोपेतही ओळखीन.
हंसपद.
वर, दोन ओळींच्या फटीत, बारीक,
दुसऱ्याच छिन्नीनं :
व लेया.

बापानं मजकूर दिला असेल. पाथरवटानं कोरला असेल.
दगड रोवून झाला असेल.
मग कुणीतरी पुन्हा गेलं त्या पाथरवटाकडे,
नाहीतर इथेच घेऊन आलं त्याला,
कारण ही दोन अक्षरं कललेली आहेत,
उभ्या दगडापुढे गुडघ्यावर बसून कोरल्यासारखी.
कोण गेलं, ते दगड सांगत नाही.
'यांची' मात्र बदलावं लागलं नाही.
आदरार्थी अनेकवचनात दोघं मावली.

हजारो हंसपदं घातली मी. पुढच्या मुद्रितात
शब्द आत जाऊन बसतो, खूण पुसली जाते.
कुणाला कळतच नाही
की इथे कोणी आधी नव्हतं.

फ्रीडानं विचारलं, म्हणजे ही चूकच ना?
मी वहीत चुकांचा रकाना काढून बसलो होतो.
उत्तर द्यायच्या आत मुनाफभाई म्हणाले,
आधी उभा करा तिला, ऊन चढलं.

खाली वाळू, बाजूला चुना, ओळंबा धरून
उभी केली. एस्तेरबाईंनी
एक खडा ठेवला माथ्यावर, थोडं थांबून
आणखी एक.
नळावर सगळ्यांनी हात धुतले.

रकाना तसाच राहिला.
एकविसाव्याखाली मुंगळे आहेत.
तो पुढच्या रविवारी.